ग्रेनसर

पक्षांच्या झेंड्यांचा खराखुरा उपयोग करून घेणारा माणूस मी धाराशिवात एकच पाहिला. कॉलेजला येताना सर चौकात आपली जुनी लुना थांबवायचे, मान वर करून सगळ्या पक्षांचे झेंडे नीट न्याहाळायचे आणि मगच पुढं निघायचे. नवख्याला वाटायचं, माणूस राजकारणात मुरलेला दिसतो. सर वारा बघत असायचे. "आज सगळे एकाच दिशेला आहेत," स्टाफरूममध्ये पिशवी ठेवता ठेवता ते सांगायचे, "म्हणजे वारं जोरात आहे. एरवी यांचं एकमत कुठलं?"

ते भौतिकशास्त्र शिकवत, मी मराठी. मुलं त्यांना ग्रेनसर म्हणायची. धडा उष्णतेचा असो की प्रकाशाचा, सर फिरून फिरून रायफलच्या गोळीच्या वजनावर यायचे, आणि ते वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे काय ते पहिल्याच तासाला सांगून टाकायचे: एका ग्रॅममध्ये पंधरा-साडेपंधरा बसतात. "सोनाराची गुंज माहीत आहे ना? त्याहून बारीक. एवढ्याशा फरकानं तीनशे मीटरवर माणूस जिंकतो किंवा घरी जातो." मुलांना यातलं परीक्षेला काही येणार नाही हे ठाऊक असल्यामुळं ती अगदी मन लावून ऐकायची.

मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. पण शुद्ध मराठीत अर्ज लिहिता येतात, एवढ्या गुन्ह्यावरून सरांनी मला रायफल क्लबचा सचिव केला. क्लब म्हणजे गावाबाहेर डोंगराला पाठ लावून असलेला एक माळ, टोकाला मुरमाचा उंच बांध, बांधापुढं कागदी लक्ष्यांच्या चौकटी आणि क्लबच्या परवान्यावर असलेली, लांब पल्ल्याच्या नेमबाजीची एकच मोठी रायफल. बाकी सगळा भुईमूग काढल्यानंतरच्या रानासारखा मोकळा कारभार. उन्हाळ्यात सावली नव्हती, पावसाळ्यात आडोसा नव्हता. कार्यकारिणी मात्र पूर्ण होती.

वजनाचं शास्त्र सरांनी मला खळ्यावरून समजावलं. "काय साहित्यिक, ज्वारीची उफणणी बघितलीय का कधी, का फक्त कवितेत वाचली? सुपातनं सोडलं की दाणा पायाशी पडतो, भूस वाऱ्यानं पार तिकडं. गोळीचं तेच. हलकी गोळी नळीतनं जोरात सुटते, नवीन नोकरीला लागलेल्या माणसासारखी. पुढं वेग मरतो आणि वारं तिला नेईल तिकडं ती जाते. जड गोळी सावकाश निघते, पण वेग राखून असते." मी म्हटलं, मग सगळ्यात जड तीच घ्यावी. "हे तुमचं ललित झालं," सर म्हणाले. "नळीच्या आत पीळ असतो. तो गोळीला भोवऱ्यासारखा फिरवतो. त्या पिळाला झेपेल एवढंच वजन घ्यायचं. नाहीतर भोवरा डुलतो, गोळी कागदावर आडवी लागते."

म्हणून शेवटी रायफललाच विचारायचं, ही त्यांची पद्धत. एका वजनाच्या पाच गोळ्या, मग दुसऱ्या वजनाच्या पाच, आणि कागदावर कुठल्या पाच जास्त जवळ पडल्या ते बघायचं. क्लबच्या रायफलला एकशेऐंशी ग्रेनची गोळी मानवत होती. दीडशेची त्यांनी एका बाजूला ठेवली होती, सरावाला आणि अध्यक्षांच्या पाहुण्यांना. झाडलेला कागद ते उन्हाकडं धरून कितीतरी वेळ बघत राहायचे. "कागद खोटं बोलत नाही," म्हणायचे. "वाचणारा बोलतो."

सत्कारांची त्यांना चीड होती, पण सत्काराची शाल ते कधी नाकारत नसत. त्या शाली थंडीला निरुपयोगी असतात हे आपल्याकडं प्रत्येक सत्कारमूर्तीला माहीत आहे. सरांनी त्यांचा उपयोग शोधून काढला होता. पालथं पडून नेम धरणाऱ्याच्या कोपराला खडे टोचू नयेत म्हणून चौपदरी शाल खाली घालायची. आमच्या माळावर मुलं जरीकाठी शालींवर कोपरं टेकून नेम धरायची. एकदा एका पुढाऱ्यानं आपणच दिलेली शाल ओळखली. सर म्हणाले, "साहेब, तुमच्या शालीवर राज्यपातळीचा नेम बसतोय. तुमच्या भाषणावर बसला असता का?" पुढारी हसला. असली माणसं हसतात आणि लक्षात ठेवतात.

सर गोड माणूस नव्हते. त्यांच्या रागाला कॉलेजात लहानथोर सगळे भ्यायचे. पण पोरगं पहिल्यांदा रायफलमागं झोपलं की हा पन्नाशी ओलांडलेला माणूस त्याच्या शेजारी दगडांवर पालथा पडायचा, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, "घाई न्हाय. कागद कुठं पळून चाललाय?" त्या आवाजासाठी मी तिथं जात राहिलो, एरवी मला त्या माळावर काय ठेवलं होतं?

अश्विनी त्यांना कॉलेजच्या एनसीसीत सापडली. भूमकडची, मेंढपाळाच्या घरातली. छोट्या रायफलनं तिनं झाडलेला कागद सरांनी बघितला आणि तिला माळावर घेऊन आले. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "वारं कसं ओळखशील?"

"मेंढराकडं बघून."

"इथं मेंढरं कुठायत?"

तिनं मागं खुर्च्यांवर बसलेल्या कार्यकारिणीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "न्हाईत व्हय?"

सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून मोठी रायफल तिची झाली. तिला ते रागावायचे इतरांपेक्षा जास्त, आणि डब्यातली शेंगाचटणीही तिलाच जास्त वाढायचे. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. तिच्या वडिलांनी, तात्यांनी, सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "सर, एक साल थांबतो. न्हाय झालं तर तिचा मामा उमरग्याला दवाखान्यात हाय, तिथं लावतो." सर म्हणाले, "होईल." एवढं छातीठोक त्यांनी वाऱ्याबद्दलसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आता अध्यक्षांचं सांगायला हवं. आमचे अध्यक्ष म्हणजे बॅनरवर दिसणारा माणूस. मोठे कंत्राटदार, वर्षातून दोनदा क्लबवर यायचे आणि त्यांच्याबरोबर तीन गाड्या यायच्या. त्यांनी त्या वर्षी माळावर पत्र्याचं शेड मंजूर करून आणायचं कबूल केलं. गोळीबाराची जागा सावलीत येणार, पावसातही सराव होणार. सरांनी हे स्वप्न नोकरीला लागल्यापासून बघितलेलं. त्या बदल्यात अध्यक्षांना काही नको होतं. फक्त खंडेनवमीला क्लबवर शस्त्रपूजा, त्यांच्या हस्ते, फोटोसह.

एरवी खंडेनवमीला सर एकटेच पूजा करायचे. रायफल उघडून, साफ करून, तेलाचा हात फिरवायचे आणि एक झेंडूचं फूल तिच्यापासून हातभर लांब ठेवायचे. "हत्याराला तेल हाच अभिषेक. पाणी दाखवायचं न्हाय, लाजतं ते." त्या वर्षी मात्र ते फेटा बांधून उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाले, "एक दिवस व्याह्यासारखं गोड राहायचं, साहित्यिक. शेड होतंय."

अध्यक्षांनी हळदीकुंकवात पाणी घालून ते ओलं केलं आणि अंगठ्यानं नळीच्या तोंडाला लावलं. वर अक्षता. मग नारळ फोडून त्यातलं पाणी त्यांनी भक्तिभावानं त्याच तोंडावर धरलं. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा, हात आला नाही. साहेबांनी पुन्हा एकदा धरलं. सर शेजारी हसत उभे होते. त्यांचा तसला चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुजलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी जागचं हलवायचं नाही, असं अध्यक्षांच्या बरोबरच्या एका जाणत्यानं सांगितलं. आपल्याकडं त्या दिवशी जाणते कमी नसतात. रायफल तशीच हारात, ओल्या कुंकवात, दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत राहिली. मग सरांनी नेहमीप्रमाणं नळी मागून पुढं साफ केली, तेल दिलं, बाहेरचं कुंकू फडक्यानं पुसलं. नळीच्या तोंडाची कड त्यांनी भिंग लावून बघितली नाही. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

दिवाळीनंतर अश्विनीचे कागद बिघडले. पाच गोळ्या एका मुठीखाली झाकल्या जायच्या, त्या आता पसरू लागल्या. एखादी उगाच भरकटायची. सरांनी तिचा श्वास तपासला, खांदा तपासला, ट्रिगरवरचं बोट तपासलं. मग नेहमीप्रमाणं कागद उन्हाकडं धरला आणि निकाल दिला: नळी झिजली आहे, पीळ उतरला आहे, तिला एकशेऐंशीचं वजन आता झेपत नाही. दीडशेच्या गोळ्या काढल्या. सकाळच्या निवांत हवेत त्या खरंच थोड्या जवळ पडल्या.

"बघ," सर म्हणाले.

"सर, पर दुपारी वारं सुटलं तर? तुमीच म्हणता हलकी गोळी वाहवते."

"आधी गोळ्या एका जागी पडू दे. वाऱ्याचं मग बघू."

"बरं," ती म्हणाली. आमच्याकडं शिकवणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारत नाहीत.

राज्य स्पर्धेला मी सचिव म्हणून बरोबर होतो. तिची पाळी दुपारी आली आणि वारं सुटलं होतं. नेमबाजाशी बोलायची परवानगी नसते. सर मागं खुर्चीवर, दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. पहिल्या काही गोळ्या वाऱ्यानं उजवीकडं नेल्या. तिनं रायफलच्या साइटची, नेम सरकवायची कळ फिरवून तेवढं डावीकडं घेतलं. पुढची गोळी नको तेवढी डावीकडं. तिनं परत उजवीकडं घेतलं, तर पुढची वर. ती वाऱ्याचा हिशोब करत होती आणि गोळ्या वाऱ्याशिवाय आणखी कशाला तरी बांधील होत्या. तिचा हात कळीवर जायचा, यायचा. सर पुटपुटत होते, "हलवू नको. अगं हलवू नको." पहिल्या तिघांत ती आली नाही.

येताना ती एवढंच म्हणाली, "सर, मला वारं कळलंच न्हाय." सर म्हणाले, "होतं असं."

पुढच्या हंगामात क्लबची मोठी रायफल कुणाला द्यायची, हे ठरवायला कार्यकारिणीची बैठक झाली. ज्याच्याकडं ती रायफल, त्यालाच मोठ्या स्पर्धेत उतरता येणार. अध्यक्ष म्हणाले, "पोरगी चांगली आहे, पण ऐनवेळी घाबरली. शेवटी मोठी रायफल हे पुरुषाचं काम. माझा भाचा तयार आहे, त्याला देऊन बघू." सगळ्यांनी माना हलवल्या. मी सरांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर, कुठल्या तरी झेंड्याकडं बघत होते. अध्यक्षांनी विचारलं, "सर, तुमचं काय?" सर म्हणाले, "माझं काही नाही." मग शेडच्या भूमिपूजनाचा विषय निघाला.

परतताना त्यांनी मला घरी नेलं. रायफल साफ करायला म्हणून त्यांच्याकडंच होती. टेबलावर ती ठेवून त्यांनी कापसाचा बोळा नळीच्या तोंडाच्या कडेवरून फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकून राहिले. "भिंगातनं बघा," म्हणाले. मी बघितलं. कडेला गंजानं खाल्लेला बारीक खड्डा होता, मोहरीएवढासुद्धा नाही.

"गोळी बाहेर पडताना मागची जळत्या दारूची वाफ चारी बाजूंनी सारखी सुटायला पाहिजे. इथं एका बाजूनं आधी सुटते आणि गोळीला धक्का देते. वजन कुठलंही घ्या. मी पुरावा बघितला आणि मला येत होतं तेच उत्तर दिलं." त्यांनी दिवा जरा बाजूला केला. "कुंकू आणि नारळपाणी. नळी चांगली आहे. सोलापूरचा बंदुकवाला ही कड घासून एका दुपारी सरळ करून देईल."

"हे तुम्हाला बैठकीआधी माहीत होतं?"

"व्हय. स्पर्धेहून आल्यावर भिंग लावलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? अध्यक्षसाहेब, तुमच्या पूजेनं रायफल नासली, म्हणून? शेड गेलं असतं. पुढं किती पोरं त्या शेडखाली शिकतील, हिशोब करा. एका पोरीसाठी..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी हिशोब केला नाही. मी एवढंच म्हणालो, "तिला तरी सांगा."

एका रविवारी आम्ही एसटीनं भूमला गेलो. तात्यांनी घोंगडं अंथरलं, अश्विनीनं चहा केला. सरांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. कड, गंज, कापूस. चांगलं सांगितलं, त्यांना सगळंच चांगलं सांगता यायचं. "तुझं चुकलं नव्हतं. वारं तुला बरोबर कळत होतं," ते म्हणाले.

तिनं विचारलं, "ह्ये मीटिंगमदी बोललात का, सर?"

सरांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"मग मला कशाला सांगताय?"

तात्या मधे पडले, "आश्वे, सर घरी आल्यात."

"आल्यात की. म्या काय हाकलते व्हय?" ती सरांकडं बघत होती, आवाज चढलेला नव्हता. "सर, मला वाटत हुतं मला वारं कळत न्हाय. त्येवढं धरून म्या सोडून दिलं, मन बसवलं. आता तुमी म्हणता, मला येत हुतं. त्येबी काढून घेतलंत. आन रायफल तर दिलीतच तिकडं, शेडापायी."

सर काही तरी म्हणणार होते. तात्यांनीच त्यांना अडवलं. "ऱ्हाऊ द्या सर. तुमी हिच्यासाठी लई केलं." हे तात्या मनापासून म्हणाले, त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच असेल, सर त्यानंतर तिथं फार वेळ बसू शकले नाहीत. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते आणि धाराशिव येईपर्यंत त्यांनी एकदाही बाहेर बघितलं नाही.

शेड झालं. सोलापूरहून कड सरळ होऊन आली. भाच्यानं एकशेऐंशी ग्रेनच्या गोळ्या वापरल्या, वारं बेताचं लागलं आणि तो पुढच्या राज्य स्पर्धेत तिसरा आला. मुलगा वाईट नव्हता. मेहनत करायचा, सरांच्या पाया पडायचा. शेडच्या उद्घाटनाला अध्यक्ष म्हणाले की हे शस्त्रपूजेचं फळ आहे. टाळ्या झाल्या. सरांनाही शाल मिळाली. ती ते खुर्चीवरच विसरून गेले.

त्यानंतर सर माळावर क्वचित आले. आले तरी कागद उन्हाकडं धरत नसत. पोरं विचारायची, "सर, कुठलं वजन घेऊ?" तर म्हणायचे, "दोन्ही मारून बघ." एका बैठकीत मात्र ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मला अश्विनीबद्दल बोलायचंय." अध्यक्षांनी हसून विचारलं, "कोण अश्विनी?" त्यांना खरंच आठवत नव्हती. सगळ्यांचं चहाकडं लक्ष होतं. सर खाली बसले. आयुष्यभर जो माणूस प्राचार्यांपासून मंत्र्यांपर्यंत कुणाचं बोलणं ऐकून घेत नव्हता, तो बसला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे जे चांगलं आहे ते सगळं त्या बसण्यापाशी अडून राहतं, आणि तरीही जात नाही.

निवृत्तीनंतर ते मुलाकडं पुण्याला गेले आणि तिथंच वारले. इथं शोकसभा शेडमध्येच झाली. शिस्त, निष्ठा आणि राष्ट्रभक्ती यांवर बरीच भाषणं झाली. गोळीच्या वजनाबद्दल कुणी बोललं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मेव्हण्याचा गुडघा दाखवायला उमरग्याच्या एका दवाखान्यात गेलो होतो. हायवेला लागून, बाहेर ट्रकांची रांग. नंबर पुकारायला काउंटरवर अश्विनी होती. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, मेव्हण्याचं नाव लिहून घेतलं. मी सर गेल्याचं सांगितलं. तिनं पेन वहीवर आडवं ठेवलं.

"शेड झालं का वो, सर?"

"झालं."

"पत्रा चांगला लागलाय?"

"लागलाय."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं पुढचा नंबर पुकारला.